एडीसीचं चॅनेल डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिताना: सिंगल-एंडेड, डिफरन्शियल की स्यूडो-डिफरन्शियल?

अंबड_एम्बेडेड (धागाकर्ता)

अंबड-सातपूरच्या पॅनेलमध्ये, पिंपळगावच्या शीतगृहात आणि दिंडोरी-निफाडच्या ठिबक फिल्टरवर आता लिनक्सवाले छोटे बोर्ड सर्रास बसतात. सेन्सर ठरलेलेच: ४ ते २० मिलीअँपिअरचे ट्रान्समीटर, लोडसेल (वजनाचा सेन्सर), सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर), बॅटरीचा व्होल्टेज. अडचण बहुधा शेवटच्या टप्प्यावर येते. वायरिंग बरोबर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) चांगली, पण डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, चॅनेलचा प्रकार चुकीचा लिहिलेला असतो. आकडा येतो, तो खराही वाटतो, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या एकाच विषयावर हा धागा काढतोय.

प्रॉपर्टींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये मूळ स्पेलिंगच टाका.

प्रकार ओळखायला फक्त निगेटिव्ह टोकाकडे बघा.

निगेटिव्ह टोक चिपच्या आतच ग्राउंडला बांधलेलं असेल तर चॅनेल सिंगल-एंडेड. बाहेर एकच पिन आणि मोजमाप ग्राउंडपासून.

निगेटिव्ह टोकासाठी वेगळी पिन असेल आणि तिच्यावरही सिग्नल हलत असेल तर डिफरन्शियल. एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, आपल्याला फक्त फरक हवा असतो. लोडसेलचा ब्रिज हे याचं सरळ उदाहरण.

निगेटिव्ह पिन वेगळी आहे पण तिच्यावर स्थिर व्होल्टेज बांधलेला आहे, म्हणजे १.६५ व्होल्टचा बायस किंवा सेन्सरची सामाईक परतीची तार, तर तो स्यूडो-डिफरन्शियल.

बायपोलर-युनिपोलर हा प्रश्न यापासून पूर्ण वेगळा ठेवा. फरक ऋण होऊ शकतो का आणि चिप तो ऋण आकडा देऊ शकते का, एवढंच त्यात बघायचं. वरच्या तिन्ही प्रकारांत दोन्ही शक्यता असतात.

कर्नलच्या सामाईक एडीसी बाइंडिंगमध्ये (प्रॉपर्टी कशा लिहायच्या त्या नियमांत) यासाठी मोजक्या प्रॉपर्टी आहेत. 'रेग' म्हणजे चॅनेलचा क्रमांक. 'डिफ-चॅनेल्स'मध्ये दोन आकडे, पहिला पॉझिटिव्ह पिनचा आणि दुसरा निगेटिव्हचा. 'सिंगल-चॅनेल' तेव्हा लागते जेव्हा 'रेग' आणि पिनचा आकडा जुळत नाही. 'कॉमन-मोड-चॅनेल' ही 'सिंगल-चॅनेल'च्या जोडीला येते आणि स्थिर निगेटिव्ह पिन कुठली ते सांगते. 'बायपोलर' ही नुसती खूण आहे, तिला किंमत नसते. यातल्या 'सिंगल-चॅनेल' आणि 'कॉमन-मोड-चॅनेल' २०२४ मध्ये आल्या, त्यामुळे जुन्या कर्नलच्या उदाहरणांत त्या दिसणार नाहीत.

डिव्हाइस ट्रीमध्ये बोर्डावर काय जोडलंय ते लिहायचं. ड्रायव्हरकडून कुठला आकडा काढून घ्यायचाय, त्याचा तिथे संबंध नाही. प्रत्यक्ष चिप घेऊन लिहिणाऱ्यांनी भर घालावी.

---

ठिबक_निफाड

चांगला विषय. माझा प्रश्न एडीएस१११५ बद्दल आहे, कारण स्वस्तातल्या बोर्डांत तीच असते. ठिबकच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर ० ते १० बारचे दोन प्रेशर ट्रान्समीटर आहेत, दोन्ही ४-२० मिलीअँपिअर. या चिपच्या बाइंडिंगमध्ये 'डिफ-चॅनेल्स' दिसतच नाही. शिवाय 'चॅनेल@०' लिहिलं तर एआयएन० ग्राउंडपासून मोजला जात नाही, एआयएन० आणि एआयएन१ मधला फरक येतो. असं का? आणि शंट (प्रवाहाचा व्होल्टेज करणारा रेझिस्टर) किती ओहमचा घ्यावा?

---

पंचवटी_पीसीबी

@ठिबक_निफाड, एडीएस१०१५ आणि एडीएस१११५ चं बाइंडिंग जुन्या वळणाचं आहे. त्यात 'रेग' म्हणजे पिनचा क्रमांक नाही. चिपच्या रजिस्टरमधला तीन बिटांचा मक्सचा (पिना निवडणाऱ्या स्विचचा) आकडा तसाच्या तसा तिथे जातो:

० : एआयएन० वजा एआयएन१
१ : एआयएन० वजा एआयएन३
२ : एआयएन१ वजा एआयएन३
३ : एआयएन२ वजा एआयएन३
४ ते ७ : एआयएन० ते एआयएन३, ग्राउंडपासून

म्हणजे एआयएन० सिंगल-एंडेड हवा असेल तर:

चॅनेल@४ {
    रेग = <४>;
    टीआय,गेन = <१>;
    टीआय,डेटारेट = <०>;
};

गेनचे आकडे: ० म्हणजे ±६.१४४ व्होल्ट, १ म्हणजे ±४.०९६, २ म्हणजे ±२.०४८, ३ म्हणजे ±१.०२४, ४ म्हणजे ±०.५१२ आणि ५ म्हणजे ±०.२५६. डेटारेटमध्ये ० म्हणजे सेकंदाला ८ नमुने, ४ म्हणजे १२८, ७ म्हणजे ८६०. शेजारी पंपाचा स्टार्टर असेल तर ० ठेवा. ८ च्या वेगाला चिपचं फिल्टर ५० हर्ट्झची गुणगुण दाबतं. नमुन्याला १२५ मिलीसेकंद लागतात, पाण्याच्या दाबाला ते पुष्कळ झालं.

इथे एक गैरसमज फार दिसतो. ±६.१४४ ची रेंज निवडली म्हणून पिनवर ६ व्होल्ट चालत नाहीत. पिन पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून वर किंवा ग्राउंडपेक्षा ०.३ व्होल्टहून खाली जाता कामा नये. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर ती रेंज जवळपास अर्धी वायाच जाते.

शंटबद्दल: बरेच जण १०० ओहम आणि ±२.०४८ ची जोडी घेतात, कारण २० मिलीअँपिअरला बरोबर २.० व्होल्ट येतात. पण मग आकडा २०.४८ मिलीअँपिअरलाच अडकतो. नामूर एनई४३ (बिघाडाच्या सिग्नलचं मानक) प्रमाणे ट्रान्समीटर बिघाड कळवायला २१ मिलीअँपिअर किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३.६ किंवा त्याहून कमी प्रवाह देतो. वरचा बिघाड या जोडीत दिसणारच नाही, दाब कमाल आहे एवढंच दिसेल. म्हणून १२० ओहम आणि 'टीआय,गेन = <१>':

४ मिलीअँपिअर = ०.४८ व्होल्ट = ३८४०
१२ मिलीअँपिअर = १.४४ व्होल्ट = ११५२०
२० मिलीअँपिअर = २.४० व्होल्ट = १९२००
२१ मिलीअँपिअर = २.५२ व्होल्ट = २०१६०

एक पायरी १२५ मायक्रोव्होल्टची. ट्रान्समीटर बिघडून २४ मिलीअँपिअर आले तरी २.८८ व्होल्ट, म्हणजे पिन सुरक्षित. शंटवरची शक्ती तेव्हा ०.०७ वॉटच्या आत राहते, पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो. तापमानाचा गुणांक मात्र बघून घ्या. निफाडची थंडी आणि मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याच्या पेटीतली उष्णता यांत ५० अंशांचा फरक धरला, तर १०० पीपीएमचा रेझिस्टर ०.५ टक्के सरकतो, २५ पीपीएमचा ०.१२५ टक्के.

---

ठिबक_निफाड

मक्सचा खुलासा नेमका मिळाला, धन्यवाद. आता पुढचं. दोन्ही ट्रान्समीटरची परतीची तार एकच आहे आणि त्याच तारेवरून सोलेनॉइड व्हॉल्व्हचा प्रवाहही परत येतो. मग सिंगल-एंडेड बरोबर ठरेल का?

---

पंचवटी_पीसीबी

नाही. प्रकार वायरिंगवरून ठरतो तो असा. व्हॉल्व्हचा अर्धा अँपिअर परतीच्या तारेच्या ०.१ ओहममधून गेला की ५० मिलीव्होल्ट पडतात. शंटचं खालचं टोक आणि चिपचं ग्राउंड यांत हा फरक उभा राहतो. १२० ओहमवर ५० मिलीव्होल्ट म्हणजे ०.४२ मिलीअँपिअर, आणि १६ मिलीअँपिअरच्या पूर्ण पल्ल्यात २.६ टक्के. व्हॉल्व्ह उघडला की दाब उगाच पाव बारने हलल्यासारखा दिसतो. दोन दाबांच्या फरकात ही चूक बरीचशी कटते, पण प्रत्येक दाब मात्र चुकीचा दिसतो.

उपाय चिपमध्येच आहे. मक्सचे १, २ आणि ३ हे पर्याय बघा, तिन्हींत निगेटिव्ह बाजूला एआयएन३ आहे. एआयएन३ ची बारीक तार थेट शंटच्या सामाईक खालच्या टोकाला न्या, तिच्यातून प्रवाह वाहू देऊ नका. मग एआयएन०, एआयएन१ आणि एआयएन२ वर तीन ट्रान्समीटर बसतात आणि तिघांचंही मोजमाप शंटच्या पायथ्यापासून होतं. तुमच्या दोघांसाठी 'चॅनेल@१' आणि 'चॅनेल@२' लिहा.

विजेच्या भाषेत हे स्यूडो-डिफरन्शियल झालं, पण या ड्रायव्हरमध्ये आकडा जिथून वाचायचा त्या फाइलींची नावं डिफरन्शियलसारखीच दिसतात: इन_व्होल्टेज०-व्होल्टेज३_रॉ. बाइंडिंग जुनं असल्यामुळे वेगळं सांगायची सोय नाही, ते चालवून घ्या. एआयएन३ सुद्धा ग्राउंडच्या खाली ०.३ व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये, म्हणजे परतीची तार फारच बारीक किंवा लांब असेल तर आधी ती बदला.

---

अंबड_एम्बेडेड

याला पुरवणी. या ड्रायव्हरमध्ये आठही चॅनेल नेहमीच नोंदली जातात, नोडमुळे (डिव्हाइस ट्रीतल्या 'चॅनेल@' भागामुळे) फक्त गेन आणि डेटारेट ठरतो. त्यामुळे नोड लिहिला नाही तरी फाइल दिसते आणि मूळचा ±२.०४८ चा गेन लागू राहतो. फाइल दिसतेय म्हणजे नोड वाचला गेला, असं धरू नका. स्केलची (एका पायरीला किती मिलीव्होल्ट, त्याची) फाइल उघडून आकडा ०.१२५ आहे का ते बघा.

प्रवाह थेट मिलीअँपिअरमध्ये हवा असेल तर वर 'करंट-सेन्स-शंट'चा नोड चढवा:

दाब-आधी {
    कंपॅटिबल = "करंट-सेन्स-शंट";
    आयओ-चॅनेल्स = <&एडीएस १>;
    शंट-रेझिस्टर-मायक्रो-ओहम्स = <१२०००००००>;
};

किंमत मायक्रोओहममध्ये आहे, १२० च्या पुढे सहा शून्यं. आणि एडीसीच्या नोडमध्ये '#आयओ-चॅनेल-सेल्स = <१>' हवंच.

'आयओ-चॅनेल्स'मधला १ हा 'रेग' आहे असं समजू नका. ठरावीक पद्धतीत तो ड्रायव्हरच्या चॅनेल-यादीतला शून्यापासूनचा क्रम असतो. या चिपमध्ये यादी आणि मक्सचा आकडा जुळतात म्हणून दोन्ही सारखे दिसतात. दुसऱ्या चिपला तसं गृहीत धरलंत तर शेजारचा सेन्सर वाचाल.

---

काटा_लासलगाव

लोडसेलचं कुणीतरी लिहावं. कांद्याच्या काट्यासाठी एमसीपी३२०८ वर लोडसेल जोडलेले बोर्ड दिसतात. चिपच्या माहितीपत्रकात चार स्यूडो-डिफरन्शियल जोड्या आहेत म्हणून लोक तसं करतात. आकडा शून्याच्या आसपासच घुटमळतो आणि दोष लोडसेलला दिला जातो.

---

सिग्नल_सातपूर

दोष लोडसेलचा नाही. तिथे दोन गोष्टी आड येतात.

एमसीपी३२०८ मध्ये निगेटिव्ह पिन ग्राउंडपासून फक्त ±१०० मिलीव्होल्टच्या आत चालते. जमिनीच्या तारेतला थोडासा गोंगाट वजा करायला ती जोडी दिलेली आहे. ५ व्होल्ट दिलेल्या ब्रिजची दोन्ही टोकं २.५ व्होल्टच्या आसपास तरंगतात. तो व्होल्टेज या पिनला झेपतच नाही. शिवाय पॉझिटिव्ह पिन निगेटिव्हपेक्षा खाली गेली की आकडा सरळ शून्य येतो, ऋण बाजू नाहीच.

दुसरं, पायरी. २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल ५ व्होल्टवर पूर्ण भाराला १० मिलीव्होल्ट देतो. १२ बिटांच्या चिपची पायरी ५ व्होल्टला १.२२ मिलीव्होल्ट. पूर्ण काटा आठ पायऱ्यांत संपतो. हे बाइंडिंगने सुधारणारं नाही, चिपच बदलावी लागेल. (या चिपच्या ड्रायव्हरला चॅनेलचे नोड लागतही नाहीत, एकेरी आणि जोडीची सगळी चॅनेल तो स्वतःच उभी करतो.)

काट्याला आत गेन असलेला २४ बिटांचा सिग्मा-डेल्टा घ्या. एडी७१२४-८ चं उदाहरण देतो. तिला ३.३ व्होल्टचा पुरवठा, तोच ब्रिजला आणि तोच आरईएफआयएन१ ला. पूर्ण भाराला ६.६ मिलीव्होल्ट. गेन १२८ ठेवला तर पल्ला ±२५.८ मिलीव्होल्ट, म्हणजे सेलच्या जागच्या ऑफसेटला आणि जास्तीच्या भाराला भरपूर जागा उरते. पुरवठा थोडा हलला तरी ब्रिज आणि रेफरन्स सोबतच हलतात, आकडा जागचा हलत नाही.

चॅनेल@० {
    रेग = <०>;
    डिफ-चॅनेल्स = <० १>;
    बायपोलर;
    एडीआय,रेफरन्स-सिलेक्ट = <०>;
    एडीआय,बफर्ड-पॉझिटिव्ह;
    एडीआय,बफर्ड-निगेटिव्ह;
    लेबल = "काटा";
};

रेफरन्स-सिलेक्टमध्ये ० म्हणजे आरईएफआयएन१, १ म्हणजे आरईएफआयएन२ आणि ३ म्हणजे पुरवठा. प्रॉपर्टी लिहिलीच नाही तर आतला २.५ व्होल्ट. ० निवडलात तर वरच्या नोडमध्ये 'आरईएफआयएन१-सप्लाय' द्यायला विसरू नका, नाहीतर ड्रायव्हरला स्केल काढता येत नाही. गेन इथे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायचा नसतो. स्केलच्या फाइलमध्ये हवी ती किंमत लिहिली की ड्रायव्हर गेन बदलतो. एडीएस१११५ ची सवय असलेले लोक इथे गेनची प्रॉपर्टी शोधत बसतात.

---

काटा_लासलगाव

वजन कधी ऋण होत नाही. मग 'बायपोलर' कशासाठी?

---

सिग्नल_सातपूर

वजन होत नाही, ब्रिज होतो. रिकाम्या काट्यावर ब्रिज अगदी शून्यावर नसतो, सेलच्या बनावटीप्रमाणे किंचित धन किंवा किंचित ऋण असतो, आणि उन्हाने तो सरकतो. युनिपोलर मोडमध्ये शून्याखालचं सगळं शून्यालाच चिकटतं. मग टेअर (रिकाम्या काट्याचं शून्य) शून्यावर झालेला दिसतो, आणि पहिले काही किलो त्या हरवलेल्या भागात जातात. हिरवी-पांढरी तार उलटी जोडली गेली असेल तर युनिपोलरमध्ये काटा कायम शून्य दाखवेल, बायपोलरमध्ये ऋण आकडा येईल आणि चूक लगेच ओळखू येईल. एका बिटाची किंमत मोजूनही ते परवडतं.

आकडा वाचताना ऑफसेटची फाइल विसरू नका. या चिपमध्ये बायपोलर असताना शून्य फरकाला रॉ (चिपकडून आलेला कच्चा) आकडा ८३८८६०८ च्या आसपास येतो आणि ऑफसेट उणे ८३८८६०८ असतो. मिलीव्होल्टचं सूत्र सगळीकडे एकच: रॉ अधिक ऑफसेट, गुणिले स्केल. ऑफसेट न मिळवता स्केलने गुणून 'सेल खराब आहे' असा निष्कर्ष काढलेला दिसतो.

---

पॅनेल_सिडको

कारखान्यातल्या पॅनेलसाठी एडी४१११ बद्दल लिहितो, कारण नवी पद्धत तिथे नीट कळते. ±१० व्होल्टची आठ इनपुट, व्हीआयएन० ते व्हीआयएन७. त्यांची सामाईक पिन व्हीआयएनकॉम, तिचा क्रमांक १६. शिवाय प्रवाहाची चार इनपुट, त्यांचा शंट चिपमध्येच.

चॅनेल@० {
    रेग = <०>;
    बायपोलर;
    सिंगल-चॅनेल = <२>;
    कॉमन-मोड-चॅनेल = <१६>;
};

चॅनेल@१ {
    रेग = <१>;
    बायपोलर;
    डिफ-चॅनेल्स = <४ ५>;
};

चॅनेल@२ {
    रेग = <२>;
    सिंगल-चॅनेल = <०>;
    एडीआय,करंट-चॅनेल;
};

पहिलं चॅनेल 'डिफ-चॅनेल्स = <२ १६>' असंही लिहिता येतं आणि चिपला रजिस्टरमध्ये नेमकं तेच मिळतं. फरक वरच्या सॉफ्टवेअरला पडतो. 'डिफ-चॅनेल्स' लिहिलंत तर फाइल इन_व्होल्टेज२-व्होल्टेज१६_रॉ, 'सिंगल-चॅनेल' लिहिलंत तर इन_व्होल्टेज२_रॉ. ड्राइव्हचा ० ते १० व्होल्टचा सिग्नल ग्राउंडपासूनच मोजतोय, तर एससीएडीएत (कारखान्याच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचं नाव साधंच असावं. पुढे देखभाल करणाऱ्याला त्या नावावरून कळतं की व्हीआयएनकॉम पिन टर्मिनलवर कुठे बांधलीय ते तपासायचं आहे, दुसरी सिग्नलची तार शोधायची नाही. म्हणून मी 'सिंगल-चॅनेल'ची पद्धतच पाळावी असं म्हणेन.

खऱ्या डिफरन्शियलसाठी लगतच्या ठरलेल्या जोड्या घ्या: ०-१, २-३, ४-५, ६-७. आतले विभाजक रेझिस्टर जोडीजोडीने जुळवलेले असतात, आडवीतिडवी जोडी घेतली तर अचूकता घसरते.

आणखी एक सापळा. एकच पिन 'सिंगल-चॅनेल' म्हणून दोन चॅनेलांत, वेगवेगळ्या 'कॉमन-मोड-चॅनेल'सह लिहिली तर दोघांची फाइल एकाच नावाची होते. कर्नल दुहेरी नोंदणीची तक्रार करतो आणि पूर्ण एडीसीच उभा राहत नाही. लॉगमध्ये 'डबल रजिस्टर' शोधा. तसं मोजमाप खरंच हवं असेल तर त्यातलं एक 'डिफ-चॅनेल्स'ने लिहा.

---

मोटार_गिरणारे

सीटीबद्दल शंका. विहिरीच्या तीन फेज पंपाचा प्रवाह मोजायला सीटीला बर्डन (टोकांवरचा रेझिस्टर) लावून १.६५ व्होल्टच्या बायसवर चढवतात. सिग्नल एसी, म्हणजे दोन्हीकडे हलणारा. म्हणून 'बायपोलर' लिहायचं का?

---

सिग्नल_सातपूर

बायस कुठे जोडलाय त्यावर आहे.

एडीसीला एकच पिन असेल आणि सीटी १.६५ वर चढवून त्या पिनवर आणला असेल, तर पिनवरचा व्होल्टेज ० ते ३.३ मध्येच राहतो. एडीसीच्या दृष्टीने तो सिंगल-एंडेड युनिपोलरच. 'बायपोलर' लिहू नका. सिग्नल एसी आहे हे पुढच्या सर्किटचं वैशिष्ट्य, ते एडीसीच्या चॅनेलवर लादायचं नाही. सरासरी वजा करून आरएमएस प्रोग्रॅममध्ये काढा.

एडीसीची निगेटिव्ह पिन बाहेर आली असेल आणि तोच बायस तिच्यावरही जोडला असेल, तर तो स्यूडो-डिफरन्शियल बायपोलर. बायसवरचा गोंगाट दोन्ही पिनांवर सारखा येतो आणि वजा होतो, म्हणून मोजमापाला हे सरस.

काही चिपमध्ये निगेटिव्ह पिना कायमच्या ठरलेल्या असतात, मक्स नसतो. तिथे 'कॉमन-मोड-चॅनेल'ऐवजी पुरवठ्याची प्रॉपर्टी असते. एडी७३८३ घ्या, तिला 'एआयएनए-सप्लाय' आणि 'एआयएनबी-सप्लाय' लागतात. त्याच कुटुंबातली एडी७३८० खरी डिफरन्शियल आहे, तिला त्या नकोत, आणि एडी७३८६ सिंगल-एंडेड आहे. नाव एका आकड्याने बदललं की बाइंडिंग बदलतं, म्हणून 'कंपॅटिबल' चिपवरचं छापील नाव वाचूनच लिहा.

बायस साध्या 'रेग्युलेटर-फिक्स्ड' नोडने सांगायचा, किमान आणि कमाल दोन्ही १६५०००० मायक्रोव्होल्ट. ड्रायव्हर तो वाचून ऑफसेट तयार करतो. ऑफसेट मिळवून आलेला व्होल्टेज ग्राउंडपासूनचा असतो, नुसता रॉ हा बायसपासूनचा फरक असतो. सीटीच्या आरएमएससाठी रॉ गुणिले स्केल एवढंच पुरे. बायस दोन रेझिस्टरांचा विभाजक असेल तर त्याला ऑप-अँपचा बफर द्या. नुसत्या विभाजकावर पिन नमुना घेताना झटका देते आणि तुम्ही लिहिलेले १.६५ प्रत्यक्षात तेवढे राहत नाहीत.

---

ठिबक_निफाड

सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीला विभाजक लावतो तेव्हा 'व्होल्टेज-डिव्हायडर' नोड वापरायचा ना? वर १०० किलोओहम, खाली २२.

---

अंबड_एम्बेडेड

हो. 'आउटपुट-ओहम्स = <२२०००>' आणि 'फुल-ओहम्स = <१२२०००>'. फुल म्हणजे दोन्हींची बेरीज. तिथे १००००० लिहिणं ही नेहमीची चूक, बॅटरी १८ टक्के कमी दिसते आणि कंट्रोलर चांगल्या बॅटरीला उतरलेली समजून पंप बंद करतो. १४.४ व्होल्टला पिनवर २.६० व्होल्ट येतील, ±४.०९६ च्या रेंजमध्ये बसतात. खालच्या २२ किलोओहमला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

---

गोदाकाठ_कर्नल

लिहिलेलं तपासण्याबद्दल कुणी बोललं नाही. बोर्डावर चढवण्याआधी 'डीटीबीएस_चेक' चालवाच. त्यासाठी पायथनचं 'डीटीस्कीमा' पॅकेज टाका, मग कर्नलच्या सोर्स-झाडात मेकला ते टार्गेट द्या आणि 'डीटी_स्कीमा_फाइल्स'मध्ये फक्त आपल्या चिपची वायएएमएल फाइल द्या, नाहीतर सगळ्या झाडाचे इशारे येत बसतात. प्रॉपर्टीच्या नावातलं एखादं अक्षर चुकलं तर ड्रायव्हर काही बोलत नाही, मुकाट्याने मूळ किंमत घेतो. 'डिफ-चॅनेल' असं एकवचनी लिहिलेलं चॅनेल काही ड्रायव्हरांत सिंगल-एंडेड होऊन बसतं. ते फक्त इथेच पकडलं जातं.

नोडच्या नावातला '@' पुढचा आकडा हेक्समध्ये असतो. 'रेग = <१०>' असेल तर नाव 'चॅनेल@ए'. 'चॅनेल@१०' लिहिलंत तर त्याचा अर्थ सोळा होतो. एडी७१२४-८ सारख्या सोळा चॅनेलांच्या चिपमध्ये नववं लिहून पुढे गेलं की हे हमखास चुकतं.

एडीसीच्या नोडमध्ये '#ॲड्रेस-सेल्स = <१>' आणि '#साइझ-सेल्स = <०>' हवेत. ते नसतील तर 'रेग' दोन सेलचा पत्ता आणि एका सेलचा आकार असा वाचला जातो आणि डीटीसी (डिव्हाइस ट्रीचा कंपायलर) इशाऱ्यांचा पाऊस पाडतो.

एसटीएम३२ वाल्यांसाठी: 'एसटी,एडीसी-चॅनेल्स' आणि 'एसटी,एडीसी-डिफ-चॅनेल्स' या जुन्या याद्या आता जुनाट धरल्या जातात. नव्या बोर्डाला प्रत्येक चॅनेलचा वेगळा नोड, त्यात सामाईक 'डिफ-चॅनेल्स' आणि 'एसटी,मिन-सँपल-टाइम-एनएस'. याद्या आणि नोड एकाच फाइलमध्ये मिसळू नका.

---

झेफर_देवळाली

झेफर (छोट्या कंट्रोलरची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे लिनक्सच्या प्रॉपर्टी चालत नाहीत. 'झेफर,इनपुट-पॉझिटिव्ह' आणि 'झेफर,इनपुट-निगेटिव्ह' द्यायच्या. निगेटिव्ह दिली की चॅनेल आपोआप डिफरन्शियल धरलं जातं. पिनसाठी नुसता आकडा न लिहिता चिपच्या हेडरमधला मॅक्रोच वापरा, एआयएन० चा आकडा ० असेलच असं नाही. गेन आणि रेफरन्स इथे डिव्हाइस ट्रीमध्येच येतात. एनआरएफ५२ मध्ये आतला रेफरन्स ०.६ व्होल्ट आणि गेन एक षष्ठांश, म्हणजे पल्ला ३.६ व्होल्ट.

मिलीव्होल्टमध्ये बदलताना डिफरन्शियलला एक बिट चिन्हासाठी जातो. १२ बिट लिहिले असतील तर गणित ११ वर होतं. 'डीटी'ने संपणारं तयार फंक्शन ते स्वतः सांभाळतं. हाताने गणित केलंत तर आकडा निम्मा येतो.

---

मोटार_गिरणारे

बोर्ड हातात आल्यावर प्रकार बरोबर लिहिलाय की नाही, हे सेन्सर न जोडता कसं पडताळायचं?

---

पंचवटी_पीसीबी

डिफरन्शियल आणि स्यूडो-डिफरन्शियलला आधी दोन्ही पिना एकत्र शॉर्ट करा आणि त्या जोडीला पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर ठेवा. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरतात. जोडी तरंगती सोडू नका, तरंगत्या पिना कुठलाही आकडा देतात. डिफरन्शियल आणि 'बायपोलर' असेल तर रॉ अधिक ऑफसेट शून्याजवळ यायला हवं. ±४.०९६ च्या रेंजला एडीएस१११५ वर एक-दोन पायऱ्यांचा हेलकावा ठीक. तिथे हजारोंचा आकडा आला तर चॅनेल प्रत्यक्षात ग्राउंडपासून मोजतंय, मक्स किंवा 'डिफ-चॅनेल्स' चुकलंय. ज्या स्यूडो-डिफरन्शियलमध्ये ड्रायव्हर बायसचा ऑफसेट मिळवतो, तिथे मात्र नुसता रॉ शून्याजवळ बघा.

मग पॉझिटिव्ह पिन विभाजकावरून काढा, निगेटिव्ह तिथेच ठेवा. दोन पिनांमध्ये १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल लावा, धन टोक पॉझिटिव्हला. आकडा वाचा, सेल उलटा, परत वाचा. चिन्ह बदलून तेवढाच आकडा आला तर बायपोलर खरोखर चालू आहे. उलटल्यावर शून्य आला तर ती खूण लागलेली नाही, किंवा चिपलाच ऋण बाजू नाही. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर पिन १.६५ अधिक-उणे १.५ मध्ये राहते, म्हणून हे सुरक्षित. एडी७१२४ वर हे करताना गेन आधी १ वर आणा आणि आतला २.५ व्होल्टचा रेफरन्स घ्या.

सिंगल-एंडेडला सेल उलटा लावायचा नाही. पिन ग्राउंडच्या दीड व्होल्ट खाली जाते आणि संरक्षक डायोडमधून प्रवाह वाहू लागतो. तिथे धन बाजूनेच लावा, एक किलोओहम मालिकेत ठेवून.

शेवटी प्रत्येक चॅनेलला एकेक करून सेल लावून बघा आणि शेजारच्या फाइल हलत नाहीत ना ते तपासा. दोन 'रेग'ची अदलाबदल फक्त यातच सापडते, शून्याच्या चाचणीत ती दिसत नाही.

---

सिग्नल_सातपूर

थर्मोकपल असेल तर यात एक भर. के प्रकाराचं टोक धातूला न टेकलेलं असेल तर दोन्ही तारा तरंगत्या असतात आणि डिफरन्शियल लिहूनही आकडा भरकटतो. त्यातली एक तार निम्म्या पुरवठ्यावर बांधावी लागते. एडी७१२४ मध्ये त्यासाठी पिनवर बायस देण्याची सोय चिपमध्येच आहे. बायस बाहेरून रेझिस्टरने देत असाल तर तो एकाच तारेला द्या. दोन्हींना दिलात आणि रेझिस्टर जुळले नाहीत, तर गळतीचा प्रवाह तारेच्या रोधातून जाऊन अंशाला ४१ मायक्रोव्होल्टच्या सिग्नलवर चढतो. डिव्हाइस ट्रीमध्ये हे चॅनेल 'डिफ-चॅनेल्स' आणि 'बायपोलर' असंच लिहायचं. शीतगृहात टोक शून्याच्या जवळ आणि पेटीतलं जोड-टर्मिनल ३५ अंशांवर असतं, म्हणजे फरक तिथे खरोखरच ऋण असतो.

---

ठिबक_निफाड

'चॅनेल@१' आणि 'चॅनेल@२' लावले, एआयएन३ शंटच्या पायथ्याला नेली. स्केल ०.१२५ दिसतंय. व्हॉल्व्ह उघडताना दोन्ही दाब आता उगाच पाव बारची उडी घेत नाहीत.